विहिरीत पाणी आहे, पण पिकाला देता येत नाही: पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा बदलत्या पावसाशी कसा जुळवून घेतोय?

दुष्काळ म्हटलं की डोळ्यांसमोर कोरडी विहीर येते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या सपाट भागात मात्र शेकडो गावं अशी आहेत, जिथे विहिरीला पाणी असतं आणि तरीही त्याचा उपयोग नसतो. ते पाणी खारं आहे. प्यायलं तर घशाखाली उतरत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून जवळपास नऊशे गावं या पट्ट्यात येतात. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांचा काही किंवा बराचसा भाग त्यात मोडतो. इथल्या शेतकऱ्यासाठी गोड्या पाण्याचा भरवशाचा स्रोत एकच, तो म्हणजे पाऊस. बाकी महाराष्ट्रात पाऊस दगा देतो तेव्हा निदान काही दिवस विहीर किंवा बोअर आधार देते. इथे तो आधार नाही. त्यामुळे पावसाचं वेळापत्रक बिघडलं की त्याचा फटका थेट पिकाला बसतो.

हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला पूर्णेचं खोरं म्हणूनच चांगलं उदाहरण आहे. इतर ठिकाणी चालणारे बरेच उपाय इथे चालत नाहीत.

आधी नदी समजून घेऊ

महाराष्ट्रात पूर्णा नावाची एकच नदी नाही. मराठवाड्यातली पूर्णा गोदावरीला मिळते. वऱ्हाडातली पूर्णा ही तापीची उपनदी. ती मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलडाणा असा प्रवास करते आणि जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेवला तापीला मिळते. उत्तरेकडून मेळघाटच्या डोंगरातून चंद्रभागा, शहानूर, वान या नद्या तिला येऊन मिळतात. दक्षिणेकडच्या पठारावरून काटेपूर्णा, मोर्णा, मन या नद्या येतात. अकोला शहर मोर्णेच्या काठावर आहे आणि त्याला पिण्याचं पाणी मिळतं ते काटेपूर्णेवरच्या महान धरणातून.

उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलं तर हे खोरं तीन पट्ट्यांत विभागलेलं दिसतं. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा थर आहे. भूगर्भतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. इथे पाणी झरझर मुरतं, भूजल खोल असलं तरी गोडं असतं. अकोटकडची केळी आणि अचलपूर-अंजनगावकडच्या संत्र्याच्या बागा याच पाण्यावर उभ्या राहिल्या. दक्षिणेला दख्खनच्या काळ्या खडकाचा भाग आहे. आणि मधल्या खोलगट भागात नदीने लाखो वर्षांत आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर आहे. काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरहूनही खोल जातो. खारपाणपट्टा हा मधला भाग.

पाणी खारं कशामुळे झालं?

'इथे पूर्वी समुद्र होता' हे उत्तर गावोगाव ऐकायला मिळतं. गोष्ट म्हणून ती छान आहे, पण खारेपणा समजायला समुद्राची गरज पडत नाही. हा भाग एखाद्या उथळ थाळीसारखा आहे. दोन्ही बाजूंच्या उंच भागांतून येणारं पाणी खडकांतले क्षार विरघळवून इथे आणतं. गाळात चिकणमाती भरपूर, उतार जवळजवळ नाहीच. त्यामुळे जमिनीखालचं पाणी पुढे सरकायला अतिशय वेळ लागतो. वरून ऊन इतकं की पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षं चालत राहिलं आणि भूजल खारं होत गेलं.

याचा एक महत्त्वाचा परिणाम जलसंधारणाच्या लोकप्रिय उपायांवर होतो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा महाराष्ट्रात सगळ्यांच्या तोंडी आहे. खारपाणपट्ट्यात यातला पहिला भाग लागू पडतो, दुसऱ्याबद्दल शंका घ्यावी लागते. गोडं पाणी खोल जिरवलं तर ते खाली खाऱ्या पाण्यात मिसळतं आणि हातचं जातं. पावसाचं पाणी इथे वरच्या वर, शेतात किंवा तळ्यात साठवावं लागतं.

जमीनही साथ देत नाही

पाण्याइतकीच मोठी अडचण मातीची आहे. इथली माती भारी काळी. चिकणमातीचं प्रमाण इतकं जास्त की पावसात ती फुगून लोण्यासारखी होते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. त्यात बऱ्याच ठिकाणी मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं आहे. सोडियम वाढलं की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होऊन छिद्रं बुजवतात. मग पाणी ना खाली जातं, ना मुळांना हवा मिळते. अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या मातीचा १९९०च्या दशकापासून बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा हवामानाशी थेट जोडलेला आहे. कोरड्या हवेत मातीतलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बाहेर पडतं. चुनखडी झाली की मातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा सोडियम घेतं. म्हणजे हवामान जितकं कोरडं, तितकी जमीन चोपण होण्याची शक्यता जास्त. खोऱ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे पाऊस कमी होत जातो आणि जमिनीचं दुखणं वाढत जातं, हे या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

साध्या शब्दांत, तापमान वाढलं आणि पावसाचे खंड लांबले तर या वर्षीचं पीक तर जातंच, पण हळूहळू जमीनही हातची जाते. पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येतं. जमिनीचं तसं नसतं.

पाऊस नेमका कसा बदललाय?

अमरावती-अकोल्याच्या सपाट भागात वर्षाला साधारण साडेसातशे ते साडेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा वाईट नाही. प्रश्न तो किती दिवसांत पडतो, याचा आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यात दिसलं. याच काळात मान्सूनचा एकूण पाऊस मात्र घटत होता. कमी दिवसांत जास्त पाऊस आणि मध्ये लांब खंड, असं हे चित्र आहे. विदर्भ याच मध्य भारताच्या पट्ट्यात येतो.

जुलै २०२१ मध्ये अकोल्याने ते अनुभवलं. चोवीस तासांत दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, मोर्णेला पूर आला, शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं. शेतीच्या भाषेत सांगायचं तर दोनशे मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे आठ लाख लिटर पाणी. फुगलेली काळी माती तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी शोषते. उरलेलं पाणी एक तर वाहून जातं आणि सोबत माती नेतं, नाही तर सपाट वावरात साचून राहतं आणि सोयाबीन पिवळं पडतं.

दुसऱ्या टोकाला उन्हाळा. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला. कामगारांना उन्हापासून वाचवण्यासाठी आणि खासगी शिकवण्यांच्या वेळा बदलण्यासाठी जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत चक्क कलम १४४ लागू केलं होतं. जमावबंदीचं कलम उन्हासाठी वापरावं लागणं, ही गोष्ट अकोलेकरांनाही नवीन होती.

एका सरीची करामत

मग शेतकरी काय करतायत? सगळ्यात स्वस्त उपाय आहे सरी.

भारी जमिनीत दोन विरुद्ध अडचणी एकाच हंगामात येतात. जुलैत पाणी जास्त होतं, ऑगस्टमध्ये तेच कमी पडतं. वावरात ठरावीक अंतरावर सरी असेल तर जास्तीचं पाणी त्यातून बाहेर निघतं आणि हलका पाऊस असेल तेव्हा तीच सरी पाणी धरून ठेवते. एका रेघेत दोन्ही कामं.

ही सरी काढायच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. ज्याच्याकडे बैलजोडी आहे तो पेरणीनंतर महिनाभराने, शेवटच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळतो. दोरीमुळे माती दोन्हीकडे सारली जाते आणि मधे सरी पडते, तीही उभ्या पिकात. खर्च म्हणाल तर दोरीचा. ट्रॅक्टरने पेरणी करणारे पट्टापेर करतात. सहा ओळी सोयाबीनच्या पेरायच्या आणि सातवी रिकामी सोडायची, नंतर त्या रिकाम्या ओळीत सरी ओढायची. फवारणीला आत शिरायला वाट मिळते, कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो आणि बियाणंही थोडं वाचतं. एक ओळ वाया गेली असं आधी वाटतं, पण कडेची झाडं पसरून ती जागा बरीचशी भरून काढतात.

तिसरी पद्धत बीबीएफ यंत्राची, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी. यात पेरणीच वरंब्यावर होते. वरंब्यावर तीन-चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने सोयाबीन, तूर, हरभऱ्यासाठी या पद्धतीचा बराच प्रसार केला आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात कोरडवाहू शेतीच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचं केंद्रही आहे. उताराला आडवी पेरणी, मूलस्थानी जलसंधारण या गोष्टी तिथे अनेक दशकं अभ्यासल्या जातायत. हवामान बदल हा शब्द शेतीच्या योजनांमध्ये येण्याआधीपासून.

पण एक अडचण यंत्रातून सुटत नाही. सरीतून बाहेर निघालेलं पाणी जाणार कुठे? वावराच्या धुऱ्याला चर नसेल, गावचा नाला गाळाने भरलेला किंवा अतिक्रमणाने बुजलेला असेल, तर एकाच्या वावरातलं पाणी दुसऱ्याच्या वावरात साचतं. धुऱ्यावरून होणारी भांडणं वऱ्हाडात नवी नाहीत. सरी एकट्याने काढता येते, पण तिच्या पाण्याला वाट द्यायला सगळ्या पाणलोटाने मिळून ठरवावं लागतं. योजनांच्या जाहिरातींत हा भाग फारसा दिसत नाही.

शेततळ्याचं गणित

खारपाणपट्ट्यात शेततळ्याला विहिरीची जागा घ्यावी लागते. एका बाबतीत इथली माती फायद्याची ठरते. चिकणमातीतून पाणी झिरपत नसल्याने बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचं अस्तर न टाकताही तळं पाणी धरतं. इतर भागांत या अस्तराचाच खर्च मोठा असतो. मात्र तळं फार खोल नेऊन चालत नाही. खालचं खारं पाणी लागलं तर सगळा खेळ बिघडतो. त्यामुळे साधारण तीन मीटर खोलीवर थांबणं बरं.

तीस बाय तीस मीटर लांबी-रुंदीचं आणि तीन मीटर खोलीचं उतरत्या काठांचं तळं घेतलं तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावतं. एका एकराला तुषार सिंचनाने पन्नास मिलिमीटरचं एक पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतात. कागदावर हे तळं दहा-अकरा एकरांना एक पाणी देऊ शकतं. प्रत्यक्षात वाफ होणारं पाणी, तळाशी साचणारा गाळ आणि पंपाला न उपसता येणारं पाणी वजा करावं लागतं.

एक पाणी म्हणजे फार वाटत नाही. पण सोयाबीनच्या शेंगा भरताना पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, तर ते एक पाणी अख्ख्या हंगामाचा निकाल बदलू शकतं. किंवा ऑक्टोबरमध्ये जमिनीत ओल कमी असेल तर हरभऱ्याची उगवण त्यावर साधते. याला संरक्षित पाणी म्हणतात. बागायती करण्यासाठी हे पाणी नाही, पीक वाचवण्यासाठी आहे. ते उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवण्यातही अर्थ नसतो. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात उघड्या तळ्याची पातळी दिवसाला एक सेंटिमीटरहून जास्त उतरते.

तळ्यासाठी जागा जाते नऊ गुंठे. खोदलेली माती टाकायला आणखी थोडी. दहा एकरवाल्याला ही जागा दोन-सव्वादोन टक्के पडते. दोन एकरवाल्याला अकरा टक्के. ज्याला एक पीक बुडणं परवडत नाही, त्यालाच तळ्यासाठी सगळ्यात मोठा त्याग करावा लागतो. आणि जो दुसऱ्याचं वावर ठोक्याने किंवा बटईने करतो, त्याचा तर विषयच निघत नाही. तळं खोदायचा अर्ज सातबारावर नाव असलेल्यालाच करता येतो.

पोकरा: योजना काय होती?

हवामान बदल हा शब्द समोर ठेवून महाराष्ट्राने आखलेली सगळ्यात मोठी शेती योजना म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. गावात तिला पोकरा म्हणतात. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये यासाठी ४२ कोटी डॉलरच्या कर्जाला मंजुरी दिली. एकूण प्रकल्प सुमारे चार हजार कोटी रुपयांचा. १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं त्यात निवडली गेली. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून ४,२१० गावं दुष्काळप्रवण म्हणून घेतली, तर ९३२ गावं फक्त पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याची होती. खाऱ्या जमिनीचा प्रश्न दुष्काळापेक्षा वेगळा आहे, याची दखल एवढ्या मोठ्या प्रमाणावर घेणारी ही योजना होती.

कामाची पद्धतही थोडी निराळी होती. गावाऐवजी पाणलोटाचे समूह धरून आखणी केली गेली. आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारी पद्धत तयार केली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मातीत राहिला, पिकांना किती लागतं आणि तूट किती, असा हिशेब. गावात ग्राम कृषी संजीवनी समिती नेमली गेली. शेततळं, तुषार संच, पंप, बीबीएफने पेरणी अशा गोष्टींचं अनुदान थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागलं.

इथे एक मेख आहे. अनुदान नंतर मिळतं, खर्च आधी करावा लागतो. ज्याच्याकडे हातात पैसे किंवा उधारीवर देणारा दुकानदार आहे, तोच पुढे सरकतो. दुसरं म्हणजे वैयक्तिक लाभाची कामं लवकर होतात, नाला खोलीकरणासारखी सामूहिक कामं मागे पडतात. खारपाणपट्ट्याला गरज नेमकी दुसऱ्या प्रकाराची जास्त आहे. पहिला टप्पा २०२४ मध्ये संपला. दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी मंजूर झाला आहे.

पीक बदलायचं की जुनं परत आणायचं?

खारपाणपट्ट्यातली जुनी शेती ओलाव्यावर चालायची. पावसाळ्यात मूग घ्यायचा, तो ऑगस्टमध्ये निघाला की जमीन राखायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर हरभरा पेरायचा. दर्यापूर भागाची ओळख या मूग-हरभऱ्यानेच आहे. त्याच्या जोडीला देशी कपाशी, ज्वारी, तूर, करडई. १९९०च्या दशकापासून सोयाबीन आलं आणि ज्वारी, मूग मागे सरले. सोयाबीनचा बाजार खात्रीचा होता. पण या पिकाला पाणी साचलेलं चालत नाही आणि शेंगा भरताना पाणी कमी पडलेलंही चालत नाही.

मुगाकडे परत जा, असं सांगणं सोपं आहे. अडचण अशी की मूग तोडणीला येतो तेव्हाच, ऑगस्टमध्ये, सलग पाऊस लागला तर शेंगेतच कोंब फुटतात. खोल मुळांची देशी कपाशी आणि करडई या जमिनीला मानवतात. कृषी विद्यापीठाने एकेए मालिकेतले देशी कपाशीचे वाण विकसित केले आहेत. पण आखूड धाग्याच्या कापसाला गिऱ्हाईक किती आणि करडई कापायला मजूर कुठून आणायचे, हे प्रश्न हवामानशास्त्राच्या पुस्तकात सुटत नाहीत.

चोपण जमिनीसाठी जिप्सम हा ओळखीचा उपाय आहे. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं. हेक्टरी साधारण अडीच टन जिप्सम, सोबत ढेंचा किंवा बोरू जमिनीत गाडणं, अशी शिफारस आहे. मात्र सुटं झालेलं सोडियम पावसाच्या पाण्यासोबत बाहेर जायला हवं. म्हणजे पुन्हा चर, पुन्हा नाला.

पिण्याच्या पाण्याचं काय?

शेतीपेक्षा जुना झगडा पिण्याच्या पाण्याचा आहे. खारं पाणी पिणाऱ्या गावांमधून मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं येतायत. प्रत्येक रुग्णाचं कारण पाण्यातच असेल असं वैद्यकीयदृष्ट्या ठामपणे म्हणता येत नाही, कारण रक्तदाब, मधुमेह, उन्हात कमी पाणी पिऊन केलेलं काम, वेदनाशामक गोळ्या असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. पण गोडं पाणी मिळत नसेल तर माणूस पाणी कमीच पितो, आणि तेही ४५ अंशांत. ज्यांना परवडतं त्यांच्या घरी आता कॅन येतो.

उपाय म्हणून सरकारने डोंगराच्या पायथ्याच्या धरणांमधून लांब जलवाहिन्या टाकल्या. शहानूर धरणातून अंजनगाव आणि दर्यापूर भागातल्या दीडशेहून अधिक गावांना पाणी जातं. वान नदीवरच्या वारी इथल्या हनुमान सागर धरणातून अकोट-तेल्हारा भागातली ८४ खेडी योजना चालते.

आणि इथेच खोऱ्यातले दोन भाग एकमेकांसमोर उभे राहतात. वानचं पाणी सिंचनासाठी आहे, ते आणखी दूर नेऊ नका, असं तेल्हारा भागातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं. बाळापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या गावांना तेच पाणी पिण्यासाठी हवं. ६९ गावांच्या योजनेला स्थगिती मिळाल्यावर एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख यांनी खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरपर्यंत पदयात्रा काढली होती. राजकारण बाजूला ठेवलं तरी दोन्ही गावांची गरज खरी आहे. पाऊस बेभरवशाचा होत जाईल तसा धरणातल्या प्रत्येक दशलक्ष घनमीटरवरचा हक्क अधिकाधिक वादाचा होत जाणार.

आता मोठ्या प्रकल्पांची चर्चा

सध्या दोन महाकाय योजना वऱ्हाडाच्या बातम्यांमध्ये आहेत. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. गोसीखुर्दचं पाणी सुमारे ४२७ किलोमीटर लांब कालव्याने बुलडाण्यापर्यंत आणायचं आहे, खर्च ८८ हजार कोटींच्या घरात. दुसरी योजना तापी मेगा रिचार्जची. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. एकूण ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी १९.३६ टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याला येणार आहे. तापीचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात मुरवायचं, अशी कल्पना. बझाडा पट्ट्यातलं भूजल उपशाने खोल गेलं आहे, तिथे ही कल्पना पटण्यासारखी आहे.

मधल्या खाऱ्या भागाचं गणित मात्र वेगळं. पूर्णेवर घुंगशी, नेर-धामणा असे बॅरेज उभे राहिलेत आणि गोडं पाणी शेतापर्यंत नेण्याची मागणी रास्तच आहे. पण निचरा नसलेल्या चोपण जमिनीला कालव्याचं पाणी भरपूर मिळू लागलं की खालच्या खाऱ्या पाण्याची पातळी वर येते आणि क्षार मुळांपर्यंत पोचतात. मातीच्या अभ्यासकांनी पूर्णा खोऱ्यासाठी हा इशारा पूर्वीच देऊन ठेवला आहे. पंजाब-हरियाणात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात नेमकं हेच झालं. तिथे हजारो हेक्टर जमिनी क्षारपड झाल्या आणि आता जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करावा लागतोय, तोही एकरी मोठ्या खर्चाने.

नदीजोडचा कालवा बुलडाण्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं जातील. तोपर्यंत खारपाणपट्ट्यातले गावनाले मोकळे झाले, तर येणाऱ्या पाण्याला जायला वाट असेल. सध्या तरी दर जूनमध्ये नाला कुणाच्या हद्दीतून वाहतो, यावर तलाठ्याकडे अर्ज जातात आणि पेरणीच्या घाईत ते तसेच राहतात.